भारंगीचं पाणी

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी एका वाक्याचा अनुवाद जाणूनबुजून खोटा केला. वाक्य आईचं होतं. शिझुओकातल्या माकिनोहाराच्या पठारावर, एका चहाबागायतदाराच्या पडवीत आम्ही बसलो होतो. पडवीच म्हणते, कारण जपानी घराचा 'एंगावा' म्हणजे दुसरं काही नाहीच. घराच्या कडेची लाकडी फळी, तिच्यावर बसून पाय खाली सोडायचे आणि समोर बघत राहायचं. समोर चहाच्या रांगा होत्या, नुकत्याच कापलेल्या, न्हाव्याकडून आलेल्या पोराच्या डोक्यासारख्या. हंगामाचा पहिला चहा, शिन्चा, आदल्या दिवशीच तयार झालेला. पंच्याहत्तरीच्या घरातल्या बागायतदारांनी गुडघे दुमडून आईसमोर पेला ठेवला. पेल्यात जेमतेम तीन घोट. आईनं वास घेतला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला आणि माझ्याकडे न बघता, समोरच्या हिरव्या रांगांनाच सांगावं तशी म्हणाली, "हे तर भारंगीचं पाणी गो. आपण टाकतो ते."

बागायतदार माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर उत्सुकता. मी म्हटलं, "आई म्हणते, फार छान आहे. प्रवासाचा शीण गेला."

ते कंबरेतून वाकले. आईही वाकली. दोघांच्या मध्ये मी.

भारंगी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना आईचं म्हणणं लगेच कळेल. मृगाचा पाऊस पडला की ती बांधाच्या कडेला दिसायला लागते. कोवळा पाला खुडायचा, बारीक चिरायचा, उकडायचा आणि ते हिरवंकाळं कडू पाणी घट्ट पिळून मोरीत ओतून द्यायचं. मग कुठे भाजी, भरपूर कांदा आणि ओलं खोबरं घालून. पाणी ओतताना स्वयंपाकघरभर जो वास सुटतो तो ओल्या रानाचा असतो, थोडा लोखंडाचा, थोडा खडकावरच्या शेवाळाचा. शिन्चाला हाच वास येतो. नऊ वर्षं शिझुओकात राहून, शेकडो पेले पिऊन मला हे सुचलं नव्हतं. मला सुचायचे ते वर्गात शिकवलेले शब्द. कोवळ्या पानाचा ताजेपणा, समुद्री वनस्पतीची छटा, सौम्य तुरटपणा, मागाहून येणारी गोडी. आईला एक घोट पुरला, आणि तिची उपमा रान, लोखंड नि शेवाळ तिन्ही घेऊन आली.

तिचा पुढचा प्रश्नही लगेच आला. "नि पाला कुठाय?"

मी सांगितलं, चहा झाला की पाला टाकून देतात.

"पाला टाकून पाणी पितात?" आईनं पेला खाली ठेवला. आमच्या घरात कोथिंबिरीच्या काड्याही वाटणात जातात. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याचा अनुवाद मी केलाच नाही.

आता, शब्दांची चलाखी हे माझं पोटापाण्याचं काम आहे. पुण्यात जपानी शिकले, यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत दुभाषी म्हणून इथे आले. इथला साहेब श्वास आत ओढून "हे जरा अवघड आहे" म्हणाला, की मी पुण्याच्या लोकांना सांगते, नाही म्हणतायत. पुण्याचा माणूस "होऊन जाईल" म्हणाला, की इथल्यांना सांगते, अजून सुरुवात झालेली नाही. शब्द बदलायचे आणि अर्थ पोचवायचा, याला मी कधी खोटं म्हटलं नाही. पण पडवीतलं ते वाक्य या हिशेबात बसेना. तिथे मी अर्थच गिळला होता. बागायतदारांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी आठवडाभर स्वतःला सांगितलं.

खरं म्हणजे मला आईची लाज वाटली होती.

कारण मी इथली शौकीन. आमच्या स्वयंपाकघरात तीन क्यूसू आहेत, म्हणजे चहाच्या किटल्या, टोकोनामेच्या लाल मातीच्या, बाजूला दांडा असलेल्या. पाण्याचं तापमान मोजायला सुई आहे. पान तोलायला सोनाराच्या दुकानात शोभेल असा काटा आहे. शनिवारी चहाच्या वर्गाला जाते, तिथे बहुतेक माझ्याहून पंधरावीस वर्षांनी मोठ्या बायका असतात आणि त्यांना माझं फार कौतुक. परदेशी असून सेन्चाची, म्हणजे इथल्या नेहमीच्या हिरव्या चहाची, पारख आहे हो हिला, असं कुणी म्हणालं की माझी कॉलर ताठ होते. अशा माणसाची आई येते आणि पहिल्याच घोटाला मोरीत ओतायचं पाणी म्हणते.

तसं बघितलं तर आईला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. पहिल्या वर्षी शेजारच्या बाईंनी शिन्चाचं पाकीट दिलं होतं. मी त्याचा आल्याचा चहा केला. दूध, साखर, खळखळून तीन उकळ्या. रंग शेवाळलेल्या डबक्याचा आला. बाईंनी विचारलं, कसा झाला होता? मी सगळं खरं सांगितलं, तेव्हा मला खोटं बोलण्याइतकं जपानी येत नव्हतं. त्यांनी "हेऽऽ" असा लांबलचक सूर काढला, जो इथे कशालाही चालतो, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची किटली घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. सेन्चा कसा करायचा हे मी त्यांच्याकडून शिकले. त्यातली मुख्य गोष्ट एकच, आधण निवू द्यायचं.

आपल्याकडे आधणाची गाडी एकाच दिशेला जाते. पाणी तापतं, उकळतं, त्यात काहीतरी पडतं. इथे उकळलेलं पाणी आधी रिकाम्या पेल्यात ओततात. पेला गरम होतो, पाणी थोडं निवतं. तेच पाणी दुसऱ्या भांड्यात. आणखी थोडं निवतं. प्रत्येक ओतण्यागणिक पाचदहा अंश उतरतात असा हिशेब. सेन्चाला साधारण ७० ते ८० अंश, ग्योकुरोसारख्या सावलीत वाढवलेल्या चहाला ५० ते ६०, म्हणजे आपल्या आंघोळीच्या कढत पाण्याच्या जरासं वर. कारण पानातली गोडी आणि ती रसाळ चव कमी उष्णतेतही उतरते, कडूतुरटपणा उतरायला मात्र चटका लागतो. मग झाकण लावून मिनिटभर गप्प बसायचं. ओतताना सगळे पेले आळीपाळीनं थोडे थोडे भरायचे, म्हणजे कुणाला फिका, कुणाला कडक असं होत नाही. आणि शेवटचा थेंब झटकून घ्यायचा. त्या थेंबात सगळं असतं म्हणतात. तो क्यूसूत राहिला तर पान भिजत बसतं आणि त्याच पानावर होणारी दुसरी वाटणी बिघडते.

आईनं हा सगळा सोहळा आमच्या घरी पहिल्या सकाळी पाहिला. हाताची घडी घालून. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना तिचे डोळे इकडून तिकडे. शेवटी म्हणाली, "निवलेला चहा दिला तर आपल्याकडे पाहुणे बोलतील." हेही खरंच. चहा निवला हा आपल्याकडे यजमानाचा अपराध. परत तापवून आणायची धावपळ होते. मी तिला फोनवर कितीदा सांगितलं होतं की इथे हिरवा चहा पितात, आणि ती दरवेळी "म्हणजे गवतीच ना?" असं म्हणायची. परसात लावलेला, वाकडा विळा घेऊन कापायचा, सर्दीला टाकायचा गवती चहा. तिनं तोच वास मनात धरून दापोलीहून विमानापर्यंतचा प्रवास केला होता. पहिल्या पेल्यात तो नव्हता, तिथेच अर्धी निराशा झाली असणार.

मात्र आईच्या नाकाबद्दल मला शंका घ्यायला नको होती. ती आल्यानंतरचा पहिला सोमवार. सोमवारी तिला मासळी चालत नाही. मी कोपऱ्यावरच्या खाणावळीतून मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप आणलं होतं, आत टोफूचे तुकडे, कांद्याची पात, वरून पाहिलं तर शुद्ध शाकाहारी. तिनं झाकण उघडलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "ह्यात कुपा आहे." तिनं ते सूप चाखलंही नव्हतं. पण कुपा मासा त्यात होताच. दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचा पाया, आणि बहुतेक ठिकाणी तो कात्सुओबुशीचा. कुप्याच्या जातीतला कात्सुओ उकडून, धुरी देऊन, वाळवून, वर बुरशी चढवून पुन्हा वाळवलेला. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर चिपळ्यांसारखे वाजतात. रंध्यासारख्या पात्यावर ते किसायचे. शाकाहारी मंडळी इथे येऊन वर्षानुवर्षं मिसो पितात आणि एक दिवस कुणीतरी सांगतं, मग दोन दिवस जेवत नाहीत. आईला झाकण उघडताच कळलं. मी मग तिच्यासाठी कोंबू ही समुद्री वनस्पती आणि सुकी शिइताके अळंबी यांची दाशी करायला लागले, बौद्ध मठांत करतात तशी. ती तिला आवडली. "वालाच्या बिरड्याच्या पाण्यासारखं अंगाला लागतं," म्हणाली. मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीनं पुन्हा चाखून पाहिलं.

मंगळवारी मी तिला ओदेन, म्हणजे रश्श्यात शिजवलेले पदार्थ, खायला न्यायचा बेत रद्द केला, कारण शिझुओकाच्या काळ्या रश्श्यात बहुधा गुरांच्या स्नायूंचा रस असतो, आणि तिच्या नाकाला तोही लपला नसता. त्याऐवजी युइच्या बाजूला गेलो. फुजी नदी समुद्राला मिळते तिथे तिचं पात्र रुंद, गोट्यांचं, कोरडं. वसंतात आणि शरदात, चांगलं ऊन असलं की त्या पात्रात साकुराएबी वाळत घालतात. सुरुगाच्या आखातातली ही गुलाबी कोळंबी, बोटाच्या दोन पेरांएवढी. जपानात धंद्याची मासेमारी फक्त या एका आखातात होते. दिवसा खोल पाण्यात असते, रात्री वर येते, आणि होड्या रात्रीच जोडीजोडीनं निघतात. काळ्या कापडांवर पसरलेली ती कोळंबी लांबून बघितली तर कुणी नदीत लुगडी वाळत घातलीत असं वाटतं, आणि मागे फुजीचा डोंगर, माथ्यावर अजून बर्फ. फोटो काढायला लोक येतात. मीही त्यासाठीच आले होते. आई फोटोबिटो विसरून गोट्यांवरून तुरुतुरु पुढे गेली आणि कापडाच्या कडेला उकिडवी बसली.

"जवळा!" ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदा असा उघडा झाला होता.

तिथे एक म्हातारी बाई काम करत होती, डोक्यावर मोठं टोपडं, हातात चाळणी. मी दुभाष्याच्या जागी जाऊन उभं राहावं म्हणून पुढे निघाले, पण गोट्यांवर माझे बूट घसरत होते, आणि मी पोचेपर्यंत त्या दोघींचं बोलणं चालू झालं होतं. आई मराठीत, ती जपानीत. आईनं हर्णैच्या पुळणीवर जवळा कसा पसरतात ते दोन्ही तळव्यांनी दाखवलं, वाळू लागते म्हणून नाक मुरडलं, मग निवडायचा आणि चाळायचा अभिनय केला. बाईनं चाळणी वर करून दाखवली. दोघी हसल्या. बाईनं मूठभर कोळंबी आईच्या ओंजळीत घातली. आईनं एक दाताखाली घेतली, डोळे मिटले, मान हलवली, आणि बोटानं आकाशाकडे दाखवलं. बाईनंही वर पाहिलं आणि पटकन दोन बोटं उंचावली. मी नंतर विचारलं तेव्हा आई म्हणाली, "अजून किती ऊन लागेल विचारलं. दोन तास म्हणाली." खरंच दोन तास म्हणाली होती की दोन दिवस की आणखी काही, ते मला कधीच कळणार नाही. दोघींना ते नक्की कळलं होतं.

संध्याकाळी बंदराजवळ काकिआगे खाल्लं. हीच कोळंबी, पिठात हलकेच बुडवून तळलेली, चुरचुरीत, भज्यांच्या जवळची. आईनं दोन खाल्ली आणि सोबतच्या चहाचा पेला गुपचूप संपवला. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला मारिकोला नेलं, तोकाइदो या जुन्या हमरस्त्यावरचं ते मुक्कामाचं ठिकाण, किसलेल्या रानकंदाच्या तोरोरोसाठी प्रसिद्ध. कोनफळाचा जातभाई तो कंद, मिसोच्या रश्श्यात घोटून जवाच्या भातावर ओततात. आपण भेंडी बुळबुळीत होऊ नये म्हणून आमसूल घालतो, इथे बुळबुळीतपणाचंच कौतुक. आईनं एक चमचा खाल्ला आणि बाकीचा भात बाजूबाजूनं पोखरला. पण मारिकोला न्यायचं खरं कारण वेगळं होतं. तादा मोतोकिची नावाचा माणूस इथला. शोगुन म्हणजे तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, त्याच्या पदरी होता, ते राज्य गेल्यावर इथे चहा लावू लागला. त्यानंतर आलेल्या मेइजी सरकारनं त्याला काळ्या चहाची विद्या शिकायला बाहेर धाडलं, आणि १८७६ मध्ये तो हिंदुस्थानात आसाम-दार्जिलिंगच्या बाजूला फिरला. येताना बियाणं घेऊन आला. त्या बियांच्या वंशातली बेनिहोमारे ही जात १९५३ मध्ये जपानची अधिकृत नोंदीतली पहिली चहाची जात झाली. हे सगळं मी मोठ्या हौसेनं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे बी आपलं. मग त्यांना दूध कुणी सांगितलं नाही का?"

याच सहलीत क्योतोलाही जाऊन आलो. तिथली एक जुनी गंमत मी तिला सांगितली होती. यजमानानं भातावर चहा ओतून देऊ का असं विचारलं, तर त्याचा अर्थ, मंडळी, आता निघा. आजकाल कुणी खरंच असं करतं असं नाही, पण आईनं ती गोष्ट मनात धरून ठेवली. पुढे कुठेही चहा समोर आला की ती पिशवीचा बंद धरायची आणि मला विचारायची, "निघायचं का?"

तर माकिनोहारा. आई येण्याआधी मी तिला सांगितलं होतं, आपल्या सड्यासारखं आहे बघ. ओई नदीच्या काठावरचं उंच, सपाट, वाऱ्याचं पठार, आज सुमारे ५,००० हेक्टरांवर चहाच चहा. दीडशे वर्षांपूर्वी तिथे झुडपं होती. १८६९ मध्ये चुजो कागेआकी यांच्यामागून शोगुनाचे बेकार झालेले सामुराई कुदळी घेऊन तिथे गेले. नंतर त्यांच्यात ओई नदीचे हमालही मिसळले. त्या नदीवर पूल बांधायला शोगुनाच्या राज्यात बंदी होती, माणसांना खांद्यावरून पार करण्यावर शेकडो घरं जगत होती. बंदी उठली, धंदा बसला, आणि तेही चहाला लागले. आईला यातलं सामुराईंचं काही वाटलं नाही. हमालांचं वाटलं. खाडीवर पूल झाल्यावर तरीवाल्यांचं काय झालं ते ती मला सांगत राहिली, गाडी पठारावर चढेपर्यंत. मग तिला ते पंखे दिसले. चहाच्या रांगांमधून विजेच्या खांबांसारखे खांब, प्रत्येकाच्या टोकाला पंखा, जरा खाली वाकलेला. "बागेला वारा घालतात?" हो. वसंतातल्या निरभ्र रात्री दहिवर गोठतं, कोवळं पान जळतं. जमिनीजवळची हवा थंड असते, वरची जरा उबदार, ती पंख्यानं खाली ढकलायची. आई गप्प झाली. फेब्रुवारीतल्या एका रात्रीत मोहोर गेलेला तिनं पाहिलेला आहे.

आणि त्यानंतर ती पडवी, तो पेला, ते वाक्य.

परतताना गाडीत आई दहा मिनिटं काही बोलली नाही. मी मुद्दाम रेडिओ लावला नव्हता, लावायला हवा होता. उतारावर ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "घशात गोड येतंय गो. आवळा खाऊन वर पाणी प्यावं तसं." मी स्टिअरिंग धरून होते. बागायतदारांनी आयुष्यभर ज्याच्यासाठी पानं वाफवली, ते नेमकं हेच, मागाहून येणारी गोडी. ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचायला हवं होतं. गाडी वळवता आली असती. पण मग आधीच्या वाक्याचं काय करायचं? आईला जे आवडलं ते सांगण्यासाठी आईला जे आवडलं नव्हतं ते आधी कबूल करावं लागलं असतं.

गाडी मी वळवली नाही.

आई जूनमध्ये परत गेली. दोनतीन आठवड्यांनी फोन आला, पाऊस लागला, पहिली भारंगी केली. भांड्यांचा आवाज येत होता आणि पाणी ओतल्याचा. मी विचारलं, पाणी टाकलंस? "मग काय पिऊ?" ती म्हणाली आणि दोघी हसलो. पण फोन ठेवल्यावर मला हसू येईना. त्या माणसाच्या पडवीत बसून मी त्याचा चहा प्यायले, त्याच्याकडून आईसाठी दोन पाकिटं भेट घेतली, आणि त्याच्या बदल्यात त्याला छापील कौतुक दिलं. असलं कौतुक त्याला दर हंगामात फाटकाशी थांबलेल्या प्रत्येक गाडीतून मिळत असेल.

या वर्षी मे महिन्यात मी एकटी गेले. जपानी पंचांगात वसंताच्या आरंभापासून ८८ वा दिवस चहाचा मानतात, साधारण २ मेला येतो, त्याच्या आसपासच. बागायतदार, ज्यांना आई परत जाईपर्यंत 'भाऊ' म्हणायला लागली होती आणि मीही मनात तेच म्हणते, थोडे वाकलेले दिसले. पलीकडच्या रांगा कापल्याच नव्हत्या. चहाची झाडं मोकळी सुटली की झाडं होतात, हे माहीत असलं तरी बघून दचकायला होतं. शेजाऱ्याचा तुकडा, त्यांनी सांगितलं, मुलगा शहरात. २०२४ मध्ये कच्च्या चहाच्या उत्पादनात दक्षिणेकडच्या कागोशिमा प्रांतानं शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकलं, तेही त्यांनीच काढलं. तिथे सपाट मोठी शेतं, मोठी यंत्रं. "आम्ही पहिले होतो तेव्हा त्याचं काही कौतुक नव्हतं," म्हणाले. "दुसरे झालो तेव्हा कळलं." मग आत जाऊन पाणी ठेवलं.

मी पेला हातात घेतला, आणि पिण्याआधी सांगून टाकलं. गेल्या वर्षी आई तसं म्हणालीच नव्हती. आमच्याकडे एक रानभाजी असते, ती उकडतात, तिचं कडू पाणी पिळून टाकतात, आई म्हणाली की हा चहा म्हणजे ते पाणी. जपानीत हे वाक्य बोलताना ते मराठीपेक्षा कितीतरी वाईट वाटत होतं.

भाऊंनी पेला खाली ठेवला. "आकु," ते म्हणाले.

आकु म्हणजे रानभाजीतला उग्रपणा, जो उकडून काढायचा असतो. इथेही वसंतात वाराबीसारख्या रानभाज्या राखेच्या पाण्यात भिजवून आकु काढतात, पाणी टाकतात. त्यांची आई काढायची. तो वास त्यांना लहानपणापासून नकोसा, आणि तोच वास पहिल्या चहाच्या दिवशी कारखान्यात घुमतो, हे त्यांना सत्तर वर्षं माहीत होतं, पण कुणी पाहुणा बोलला नव्हता. मग बोटांवर मोजत त्यांनी मला काय सांगितलं, तर या पठारावर ऊन फार, पान जाड, तुरट, पूर्वी इथल्या चहाला भाव नसे. नेहमीचा सेन्चा ३०-४० सेकंद वाफवतात. युद्धानंतरच्या काळात इथल्या लोकांनी दुपटीतिपटीनं वाफवून पाहिला, पान मऊ पडलं, उग्रपणा गेला, पाणी गढूळ हिरवं झालं आणि चव गोल झाली. तो फुकामुशी. "आकु काढायलाच वाफवतो आम्ही," ते म्हणाले. "फक्त पाणी टाकत नाही." फुकामुशीचा हा इतिहास मला वर्गात शिकवला होता. मी परीक्षेत लिहिलाही होता. तो भारंगीला मात्र कधी जोडला नव्हता.

"आणि ती विचारत होती, पाला का टाकता."

यावर ते मोठ्यानं हसले आणि आत हाक मारली. वहिनी बशी घेऊन आल्या. दुसऱ्या वाटणीनंतर क्यूसूत उरलेली शिन्चाची पानं, पिळून, वर सोया सॉसचे चार थेंब आणि किसलेली कात्सुओबुशी. पालकाची करतात तशीच ओहिताशी. पहिल्या चहाचा पाला कोवळा असतो, घरी खातातच, म्हणाल्या, पाहुण्यांना द्यायची लाज वाटते. मी खाल्ला. किंचित कडू, चिवट नाही, मागे मासळीचा धूर. कांदा-खोबरं असतं तर मी डोळे मिटून घरी पोचले असते.

भाऊंची एक वही आहे, दर हंगामात प्रत्येक तुकड्याच्या चहाबद्दल दोन शब्द लिहितात. त्यांनी ती उघडली आणि आईनं आणखी काही म्हटलं होतं का विचारलं. मी गाडीतलं सांगितलं. आवळा म्हणजे काय, पाणी गोड कसं लागतं, सगळं. त्यांनी फळाचं नाव विचारलं, काताकानात, परक्या शब्दांच्या लिपीत, लिहायला. भारंगी ठीक गेली. आवळा अडला. जपानीत ळ नाही, ल पण नाही, जे काही आहे ते र आणि ल यांच्या मध्ये कुठेतरी. मी तीनदा म्हणून दाखवलं, जीभ मागे वळवून. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि जमलं तसं लिहिलं, आणि माझ्यासाठी मोठ्यानं वाचलं. "आवरा."

रात्री आईला फोन केला. पाल्याचं ऐकून तिला फार बरं वाटलं. फोडणी दिली होती का विचारलं. नव्हती म्हटल्यावर जरा गप्प झाली. मग वहीचं सांगितलं, त्यांनी तुझे शब्द लिहून घेतले.

"काय लिहिलं?"

"भारंगी. नि आवरा."

"आवरा?" आई म्हणाली. "चहा देऊन वर आवरा म्हणतात? मग ते क्योतोवाले काय वाईट होते?"